सोलर बसवणाऱ्या छोट्या फर्मने सीआरएम कसं निवडावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरज भागात घरांच्या गच्चीवर सोलर बसवायची आमची छोटी फर्म आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये घरच्या सोलरला केंद्राची सबसिडी देणारी पीएम सूर्यघर योजना आली आणि आठवड्याला चार-पाच येणाऱ्या चौकशा दिवसाला तेवढ्या येऊ लागल्या. त्या गडबडीत आम्ही एक सीआरएम घेऊन पैसे घालवले. मग दुसरं घेतलं, ते टिकलं. तेव्हापासून या लाइनमधली ओळखीची मंडळी फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. तुमचा धंदा मॉड्युलर किचनचा किंवा वॉटर प्युरिफायरचा असला, तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

सीआरएम म्हणजे नेमकं काय हो?

कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट हे भारदस्त नाव बाजूला ठेवा. चौकशी कुणाची आली, भाव काय सांगितला, गाडं कुठं अडलंय आणि पुढचा फोन कुणी कोणत्या तारखेला करायचा, एवढं सगळ्यांना एका जागी दिसणारी ही वही आहे. आपली नेहमीची वही एकाच्याच बॅगेत असते आणि आठवण करून देत नाही. ही देते.

आमचं गुगल शीटवर व्यवस्थित चाललंय. कशाला बदलायचं?

चालत असेल तर बदलू नका, खरंच. आम्हीही दोन वर्षं शीटवरच होतो.

आमचं कुठं फसलं ते सांगतो. विश्रामबागेत एक निवृत्त मास्तर होते. तीन किलोवॅटचं कोटेशन त्यांना पसंत पडलं होतं, पण घरात लग्न होतं, म्हणून म्हणाले, "दिवाळीनंतर बोलू." शीटमध्ये शेवटच्या रकान्यात नोंदही केली: दिवाळीनंतर. फेब्रुवारीत त्यांच्या शेजारच्या बंगल्याची साइट बघायला गच्चीवर चढलो, तर मास्तरांच्या गच्चीवर दुसऱ्याचं स्ट्रक्चर उभं! मास्तर खालच्या अंगणातून वर बघून म्हणाले, "अहो, तुमची वाट बघितली की!" नोंद होती, पण 'दिवाळीनंतर' ही काही तारीख नव्हे. शीटला ती कळली नाही आणि तीनशे ओळींखाली गेल्यावर आम्हालाही दिसली नाही.

तेव्हा चौकशा किती येतात यावरून ठरवू नका. एकाच गिऱ्हाइकाला तुमच्या दोघांनी फोन केला आणि दोन वेगळे भाव सांगितले, असं महिन्यात दोनदा झालं की समजा वेळ झाली. किंवा "कोटेशन देऊन उत्तर न आलेले किती?" याचं उत्तर काढायला अर्धा दिवस जात असेल, तेव्हा.

व्हॉट्सॲप बिझनेस आहे की. त्यात लेबलं लावतो आम्ही.

एक-दोन माणसांच्या फर्मला ते पुरतं. लेबल, क्विक रिप्लाय, कॅटलॉग, सगळं फुकट. पण लेबलाला तारीख लावता येत नाही आणि मास्तरांचा प्रश्न तिथंही तसाच राहतो.

सीआरएमला व्हॉट्सॲप जोडायचं म्हटलं की एपीआय, म्हणजे दुसरं सॉफ्टवेअर जोडायची व्हॉट्सॲपची वेगळी सोय, घ्यावी लागते, आणि इथं बरेच जण फसतात. गिऱ्हाइकाचा शेवटचा मेसेज आल्यापासून २४ तास तुम्ही त्याला हवं ते लिहू शकता. त्यानंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेला टेम्प्लेट मेसेज जातो. जुलै २०२५ पासून टेम्प्लेटचे पैसे मेसेजगणिक लागतात आणि जाहिरातीचा मेसेज कामाच्या मेसेजपेक्षा महाग पडतो. शिवाय नंबर एपीआयवर नेला की मोबाइलमधलं ॲप त्या नंबरवर चालायचं बंद व्हायचं. आता दोन्ही एकत्र चालवायची सोय मिळते, पण तुमचा पुरवठादार ती देतो का, हे नंबर हलवायच्या आधी विचारा. पंधरा वर्षं व्हिजिटिंग कार्डावर छापलेला नंबर असतो तो.

सगळ्या पार्ट्या टॅलीत, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आहेत. मग वेगळं कशाला?

टॅलीत माणूस येतो तो ॲडव्हान्स दिल्यावर. त्याआधीचे दोन महिने तो कुठंच नसतो, आणि धंदा जातो तो त्याच दोन महिन्यांत. दोन्ही जोडायची घाई मात्र नको. महिन्याला वीस-पंचवीस बिलं असतील तर हातानं भरा.

निवड करायला सुरुवात कुठून करावी?

कागदावरून. डेमो बघायच्या आधी तुमच्या धंद्यातल्या पायऱ्या लिहून काढा. आमच्या अशा आहेत: नवी चौकशी, वीजबिल आलं, साइट बघितली, कोटेशन दिलं, ॲडव्हान्स आला, योजनेच्या पोर्टलवर अर्ज, बसवलं, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारं) लागलं, सबसिडी जमा.

यात सगळ्यात कामाची पायरी 'वीजबिल आलं' ही आहे. फोनवर "किती खर्च येईल हो?" विचारणारे ढीगभर. त्यांना आम्ही म्हणतो, बिलाचा फोटो पाठवा. जो पाठवतो तो खरा. बिलावर मंजूर भार असतो, मागच्या महिन्यांचे युनिट असतात, बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो, म्हणजे निम्मं कोटेशन तिथंच तयार. आमच्या पहिल्या यादीची गंमत बघा: 'हॉट', 'वॉर्म', 'इंटरेस्टेड' अशा पायऱ्या होत्या. संध्याकाळी पोरांच्या मूडवर गिऱ्हाईक गरम-गार व्हायचं. गिऱ्हाइकाने स्वतः काहीतरी केलं, बिल पाठवलं, गच्ची दाखवली, पैसे दिले, की मगच पायरी बदलते असं ठरवल्यावर आकडे खरे यायला लागले.

दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला २०२४ च्या नियमबदलानंतर वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही, म्हणून ती पायरी आम्ही काढून टाकली. उलट एक नवी घालावी लागली: 'नाव बदल'. बिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असतं आणि अर्ज ज्याच्या नावावर मीटर त्याच्याच नावे जातो. आमच्या भागात अशी घरं थोडीथोडकी नाहीत. ही माणसं 'विचार करतायत' म्हणून पडून राहायची. खरं तर ती तलाठ्याकडे आणि महावितरणच्या ऑफिसात खेटे घालत होती, आणि त्यांना मदत करणाऱ्यालाच ऑर्डर मिळते.

असा कागद हातात असला की डेमोवाल्याला एकच सांगायचं: या पायऱ्या माझ्यासमोर घालून दाखव. अर्ध्या तासात घालता आल्या नाहीत तर "आमची टीम करून देईल" या वाक्याला भुलू नका. पुढच्या वर्षी योजनेचे नियम बदलले की तुम्हालाच बदलायच्या आहेत.

मग कोणतं घ्यावं? नावं सांगा.

सांगतो, पण यात माझं कमिशन नाही आणि माझं मत म्हणजे शेवटचा शब्द नाही.

आम्ही झोहोच्या बिगिनवर आहोत. छोट्या फर्मसाठी २०२० मध्ये आलेलं, मोठ्या झोहो सीआरएमचं धाकटं भावंड. पायऱ्यांचे उभे रकाने, कार्ड ओढून पुढच्या रकान्यात टाकायचं, संपलं. मोठं झोहो सीआरएम तीन जणांपर्यंत फुकट आवृत्तीत वापरता येतं. घरचीच तीन माणसं फर्ममध्ये असतील तर तिथून सुरू करा. चेन्नईत सुरू झालेल्या फ्रेशवर्क्सचं फ्रेशसेल्स आणि मूळचं एस्टोनियाचं पाइपड्राइव्ह हीही याच पठडीतली. पाइपड्राइव्ह बघायला फार सुटसुटीत आहे.

हबस्पॉटची फुकट आवृत्ती चांगली आहे, मात्र वरच्या आवृत्तीची किंमत आधीच बघून ठेवा, उडी मोठी आहे. सेल्सफोर्स १९९९ पासूनचं, मातब्बर, आणि दहा माणसांच्या फर्मला म्हणजे भाजी आणायला ट्रक.

मुंबईच्या फ्रॅपेचं ईआरपीनेक्स्ट मुक्त स्रोत आहे, लायसन्सचे पैसे नाहीत. स्टॉक, खरेदी, हिशेब सगळं एकाच जागी हवं असेल तर ते किंवा बेल्जियमचं ओडू बघा. पण स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं तर तो सांभाळणारं माणूस लागतं. "भाच्याला कॉम्प्युटरचं कळतं" एवढ्यावर यात उतरू नका. भाच्याला बंगळूरला नोकरी लागते.

यातली दोनच निवडा आणि दोन्ही वापरून बघा. सात-आठांचा तक्ता करून तुलना करत बसलेला एकजण माझ्या माहितीत आहे. तो अजून वहीवरच आहे.

खरा खर्च किती येतो?

वेबसाइटवरचा आकडा दर माणशी दर महिना असतो, आणि तोही बहुधा वर्षाचे एकदम भरले तर. समजा ५०० रुपयांचा प्लॅन आहे आणि सहा जण वापरणार. वर्षाचे ३६,०००, वर १८ टक्के जीएसटी ६,४८०, म्हणजे ४२,४८०. नोंदणी करतानाच तुमचा जीएसटी नंबर टाका, नाहीतर बिल साध्या ग्राहकाच्या नावाने निघतं आणि क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, हातचं जातं. कंपनी परदेशी असून बिल बाहेरून येत असेल, तर कर रिव्हर्स चार्जखाली तुम्हाला भरावा लागतो. क्रेडिट मिळतं, पण तुमच्या टॅक्सवाल्याला आधी कल्पना द्या. मार्चमध्ये सांगितलंत तर तो चिडतो.

आणखी एक बारीक गोष्ट. कार्डावरून आपोआप कापली जाणारी रक्कम १५,००० च्या वर असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दर वेळी ओटीपी लागतो. तो मेसेज बघायचा राहिला की पेमेंट फेल आणि सोमवारी सकाळी लॉगिन बंद.

लॉगिन कुणाला द्यायचं याचाही विचार करा. फिटरना नको, त्यांना साइटचा पत्ता आणि ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर पुरतं. आणि पहिले तीन महिने मासिक प्लॅनच घ्या, महाग पडला तरी. आम्ही पहिल्या खेपेला डिस्काउंटच्या नादाने आठ जणांचं वर्षाचं एकरकमी भरलं. चौथ्या महिन्यात त्यात फक्त ऑफिसातल्या ताई लॉगिन करत होत्या.

सगळं घेतलं, पण पोरं भरतच नाहीत. काय करायचं?

माझ्या मते निवडीचा खरा प्रश्न हाच आहे. सगळेजण तो खरेदी झाल्यावर विचारतात.

आमच्या पहिल्या सीआरएममध्ये साइट व्हिजिटचा फॉर्म होता. चौदा रकाने, सगळे सक्तीचे. मी तो एसीत बसून, प्रोजेक्टरवर डेमो बघत पसंत केला होता. मग एप्रिलात एकदा पोराबरोबर स्वतः साइटवर गेलो. दुपारचा एक, पत्र्याचं छप्पर, एका हातात टेप, दुसऱ्या हातात फोन. उन्हात स्क्रीन दिसेना. घामानं बोट चालेना. नवव्या रकान्याला 'गिऱ्हाइकाचा ईमेल' आला. खाली उभ्या काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मुलाला विचारून सांगते, तो संध्याकाळी येतो." ईमेल भरल्याशिवाय फॉर्म पुढं जाईना. पोरानं माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे कखग ॲट जीमेल भरून टाकलं. मागे जाऊन बघितलं तर शंभरावर गिऱ्हाइकांचा तोच ईमेल.

आता गच्चीवर चारच गोष्टी भरायच्या: फोटो, छपराचा प्रकार, सावली कुठून येते, आणि पुढच्या फोनची तारीख. बाकी सगळं ताई बिलावरून ऑफिसात भरतात. यातली तारीख तेवढी सक्तीची. ज्या कार्डाला पुढची तारीख नाही ते लाल दिसतं आणि संध्याकाळी लाल कार्ड राहता कामा नये.

दुसरी चूक माझीच होती. सीआरएम घेतलं, तरी मी रात्री ग्रुपवर विचारायचो, "मिरजेच्या त्या पार्टीचं काय झालं?" पोरं ग्रुपवरच उत्तर द्यायची. मालकाला तिथं उत्तर मिळत असेल तर दुसरीकडं भरायचा उद्योग कोण करणार? आता सोमवारी सकाळी चहा घेऊन सगळे स्क्रीनसमोर बसतो आणि जे कार्डावर आहे तेवढ्यावरच बोलतो. इन्सेंटिव्हही तिथूनच मोजतो. पहिल्याच महिन्यात एकाचे दोन हजार हुकले, कार्डच पुढं सरकवलं नव्हतं म्हणून. तो चार दिवस फुगून बसला. पुढच्या महिन्यात त्याची कार्डं सगळ्यांत चोख होती.

ट्रायलमध्ये काय बघायचं?

बहुतेक ठिकाणी पंधरा दिवसांच्या आसपास ट्रायल मिळते. नमुन्याचा डेटा पुसून टाका आणि चालू असलेल्या दहा खऱ्या चौकशा भरा. तुमच्याकडच्या सगळ्यांत जुन्या फोनवर, जिथं रेंज सगळ्यांत वाईट तिथं वापरून बघा. आमची पोरं जतच्या बाजूला जातात, तिथं नेट नसताना फोटो आणि नोंद ॲपमध्ये राहते का, हीच आमची परीक्षा होती. ट्रायलला घेतलेल्या दोन सॉफ्टवेअरपैकी एक तिथंच नापास झालं. मदतीच्या नंबरवर एकदा मुद्दाम फोन करा, शनिवारी दुपारी.

मराठीत नावं टाकली तर चालतं का?

टाकता येतात. शोधताना मात्र घोळ होतो. एकाने देवनागरीत लिहिलं, दुसऱ्याने रोमन लिपीत, तिसऱ्याने आडनावाचं स्पेलिंग वेगळं केलं, की एकाच घराची तीन कार्डं. आम्ही नाव रोमनमध्ये आणि शेरा मराठीत असा नियम केला. आणि डेटा सीएसव्ही (साध्या मजकुराच्या तक्त्याच्या) फाइलमध्ये काढून एक्सेलमध्ये थेट उघडलात की देवनागरीच्या जागी चिन्हांची रांगोळी दिसते. घाबरू नका, डेटा बिघडलेला नसतो. एक्सेलच्या डेटा मेनूतून फाइल आत घ्या आणि यूटीएफ-८ (देवनागरी ओळखणारी अक्षरपद्धत) निवडा.

जुनी शीट आणि वह्या आत कशा आणायच्या?

सगळ्या आणू नका. मागच्या सहा महिन्यांतलं आणि अजून धुगधुगी असलेलं तेवढंच. आमच्या अकराशे ओळींतल्या दोनशेच्या आसपास कामाच्या निघाल्या.

दुहेरी नोंदी पकडायला बहुतेक सॉफ्टवेअर मोबाइल नंबर बघतं. आमच्या धंद्यात ते पुरत नाही. वडील घरून फोन करतात, पुण्यात नोकरीला असलेला मुलगा वेबसाइटवर फॉर्म भरतो, जावई कुठल्या तरी पोर्टलवर चौकशी टाकतो. तीन नंबर, गच्ची एकच. म्हणून महावितरणचा ग्राहक क्रमांक हीच आमची खूण. तो दुसऱ्यांदा टाकला की सॉफ्टवेअर अडवतं. तुमच्या धंद्यात अशी न बदलणारी खूण कोणती, ते शोधून ठेवा. आणि निवडताना विचारा, की आपण सांगू त्या रकान्यावर दुहेरी नोंद अडवता येते का.

माणूस नोकरी सोडून गेला तर डेटा घेऊन जाईल ना?

थोडाफार नेतोच, तो डोक्यात असतो. पण सिम फर्मच्या नावावर ठेवा आणि सगळी यादी एकदम उतरवून घ्यायचा अधिकार मालक सोडून कुणाला देऊ नका. तो अधिकार माणसागणिक बंद करता येतो का हे आधी बघा, काही ठिकाणी ती सोय महागाच्या प्लॅनमध्येच असते. निरोपाच्या दिवशी आधी त्याची कार्डं दुसऱ्याच्या नावावर करा, मग लॉगिन बंद करा.

आधार, चेक, वीजबिल हे सगळं त्यात ठेवलं तर चालेल?

सांभाळून. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होतात. डेटा नीट न सांभाळल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. आपल्यासारख्याला तेवढा कोण लावणार, हा युक्तिवाद मीही केलाय. पण पाच पोरांच्या फोनच्या गॅलरीत गिऱ्हाइकांच्या आधारचे फोटो पडून आहेत, हे त्या गिऱ्हाइकासमोर तुम्ही सांगू शकाल का? आम्ही फोटो थेट कार्डावर चढवायला लावतो, तो फक्त ताईंना दिसतो. सबसिडी खात्यात आली की आधार आणि चेक पुसतो. वीजबिल ठेवतो, ते पुढं लागतं.

एसएमएस पाठवता येतील का?

येतील, पण आधी दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाप्रमाणे डीएलटी या नोंदणीच्या यंत्रणेवर फर्मची, हेडरची (मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाची) आणि मजकुराची नोंदणी करावी लागते. आम्ही त्या भानगडीत पडलो नाही.

काम झालं की कार्ड बंद करायचं ना?

नाही! योजनेत बसवलेल्या सिस्टिमची पाच वर्षं देखभाल विक्रेत्याकडे असते. इन्व्हर्टरचा सिरियल नंबर, नेट मीटर लागल्याची तारीख, पुढच्या भेटीची तारीख त्याच कार्डावर राहू द्या. निवडताना विचारा, की विक्री झालेल्या गिऱ्हाइकासाठी दुसरी पायऱ्यांची माळ करता येते का. आमच्याकडं ती तीन पायऱ्यांची आहे: तक्रार आली, माणूस गेला, गिऱ्हाईक हो म्हणालं. नव्या ऑर्डरी बऱ्याचदा या दुसऱ्या माळेतूनच येतात. धूळ पुसायचं सांगायला गेलेला मुलगा शेजारच्यांचं बिल घेऊन येतो.

नाहीच जमलं तर दुसरीकडे जाता येतं का?

येतं, फोटो आणि शेरे बाहेर निघत असतील तर. नाव-नंबरांची यादी सगळेच देतात. फोनवर काय बोलणं झालं त्या नोंदी आणि जोडलेल्या फाइली मात्र बऱ्याचदा मागं राहतात. म्हणून ट्रायलच्या शेवटच्या दिवशी, पैसे भरायच्या आधी, त्या दहा चौकशा सगळ्या फोटो-शेऱ्यांसकट बाहेर काढून बघा. आम्ही पहिल्या वेळी हे केलं नव्हतं. ताईंनी दीडशे कार्डांवरचे शेरे तीन आठवडे बसून हातानं उतरवून घेतले.